भाड्याच्या घराच्या बाल्कनीत सोलर : पहिल्या पत्रापासून नव्या मीटरपर्यंत

जर्मनीत कुठल्याही शहरात फिरताना बाल्कनीच्या कठड्याला टांगलेली काळी पॅनेलं दिसतात. त्यांना इथे बाल्कोनक्राफ्टवेर्क म्हणतात, म्हणजे बाल्कनीतलं वीजकेंद्र. दोन पॅनेलं, एक चपटा इन्व्हर्टर, त्यातून निघणारी एक वायर आणि तिच्या टोकाला साधा प्लग. तो प्लग भिंतीतल्या सॉकेटमध्ये खोचला की झालं, असं विकणारे सांगतात.

श्टुटगार्टजवळच्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटमधून पहिलं पत्र २१ ऑक्टोबर २०२४ ला गेलं. प्लग खोचला ३१ मे २०२५ ला आणि नवं मीटर बसलं १७ जुलैला. प्रत्यक्ष जोडणीला लागले साडेतीन तास. बाकी सगळा वेळ कागद, सह्या आणि वाट बघण्यात गेला, त्यातले निदान तीन आठवडे माझ्याच चुकीमुळे. ‘भाड्याच्या घरात हे कसं लावलं?’ असा प्रश्न इकडच्या मराठी मंडळींकडून वारंवार येतो म्हणून क्रमाने लिहून काढते आहे.

आधी हे चालतं कसं ते थोडक्यात. पॅनेलमधून डीसी वीज येते, इन्व्हर्टर तिची एसी करतो आणि ती सॉकेटमधून उलट घराच्या वायरिंगमध्ये शिरते. त्या क्षणी घरात जे चालू असेल, फ्रिज, राउटर, लॅपटॉप, ते आधी ही वीज खातं आणि कमी पडेल तेवढीच मीटरमधून आत येते. आपली जास्त झाली तर ती बाहेर ग्रिडमध्ये जाते, तीही फुकट. त्या विजेचे पैसे मागता येतात, पण इतक्या छोट्या संचासाठी त्याची कागदपत्रं करण्यात अर्थ नसतो, म्हणून बहुतेक लोक सोडून देतात. वीज गेली तर हा संचही बंद पडतो. आपल्याकडच्या इन्व्हर्टर-बॅटरीसारखा तो अंधारात उपयोगी पडत नाही. घरून फोनवर हा प्रश्न हमखास येतो, म्हणून आधीच सांगितलं.

नियम २०२४ मध्ये बरेच सोपे झाले. १६ मे २०२४ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार (इथे त्याला ‘सोलारपाकेट’ म्हणतात) इन्व्हर्टरची मर्यादा ६०० वरून ८०० व्होल्ट-अँपिअर (इथे वॅटच समजा) झाली, पॅनेलं एकूण २००० वॅटपर्यंत चालतात आणि वीजवाहिनी चालवणाऱ्या कंपनीला वेगळं कळवण्याची अट गेली. आता एकच सरकारी नोंदणी उरली आहे. नोंदवलेल्या संचांच्या एकूण संख्येने जून २०२५ मध्ये १० लाखांचा टप्पा ओलांडला. भाडेकरूंसाठी त्याहून महत्त्वाची तारीख म्हणजे १७ ऑक्टोबर २०२४. त्या दिवसापासून नागरी संहितेच्या कलम ५५४ मध्ये असे प्लगचे संच आले. ई-कारचं चार्जिंग किंवा अपंगांसाठीचा बदल जसा घरमालक सबळ कारणाशिवाय नाकारू शकत नाही, तसंच आता हेही. मात्र दोन गोष्टी नीट वाचाव्यात. परवानगी मागावीच लागते. आणि ‘होऊ द्यायचं की नाही’ हे मालकाच्या हातात फारसं उरलं नसलं तरी ‘कसं’ याबाबत तो अटी घालू शकतो.

कायदा लागू होऊन चार दिवस झाले होते, म्हणून मी उत्साहात चार ओळींचं पत्र धाडलं: बाल्कनीत सोलर लावायचं आहे, कलम ५५४ प्रमाणे परवानगी द्यावी. ही पहिली चूक. अशा पत्राला मालकाने द्यायचं ते उत्तर दिलं. कोणतं पॅनेल, किती किलो, कसं अडकवणार, पडलं तर जबाबदार कोण? त्याचं उत्तर यायला तीन आठवडे गेले. पहिल्याच पत्रासोबत पुढील गोष्टी जोडल्या असत्या तर ते वाचले असते: पॅनेल आणि इन्व्हर्टरचं माहितीपत्रक, इन्व्हर्टर व्हीडीई-एआर-एन ४१०५ या ग्रिडला जोडण्याच्या नियमात बसतो याचं प्रमाणपत्र, अडकवण्याच्या सांगाड्याचं चित्र, कठड्याचा बाहेरून काढलेला फोटो आणि त्यावर पेनाने आखलेल्या पॅनेलच्या चौकटी, आणि आपल्या हाफ्टफ्लिष्ट विम्याच्या (आपल्यामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरून देणारा विमा) कंपनीकडून ‘हा संच तुमच्या पॉलिसीत येतो’ असं एका ओळीचं पत्र. हे शेवटचं फुकट मिळतं. ईमेल केल्यावर दोन दिवसांत आलं. ‘भिंतीत भोक पाडणार नाही’ आणि ‘घर सोडताना सगळं काढून नेईन’ ही दोन वाक्यं मात्र विसरू नका. मालकाच्या डोक्यातल्या निम्म्या शंका तिथेच मिटतात.

दुसरं पत्र १५ नोव्हेंबरला गेलं. मालकाची हरकत नव्हती, पण इमारत त्याच्या एकट्याची नाही. चौदा फ्लॅट, चौदा मालक. आपल्याकडची सोसायटी म्हणा हवं तर. बाल्कनीचा कठडा बाहेरून दिसतो म्हणून तो सामायिक भागात मोडतो. त्यामुळे आमच्या मालकाला बाकीच्या मालकांचा ठराव हवा होता. तुमचं घर अशा इमारतीत आहे की अख्खी इमारत एकाच मालकाची किंवा गृहनिर्माण कंपनीची आहे, हे आधी विचारा. दुसऱ्या प्रकारात हे सगळं एका पत्रात उरकतं.

मालकांची सभा वर्षातून एकदा. लवकर व्हावं म्हणून डिसेंबरात पत्राने ठराव फिरवून पाहिला. तो मंजूर व्हायला साधारणपणे सगळ्यांचा होकार लागतो, बहुमत पुरत नाही. चौदापैकी बारा उत्तरं आली, सगळी होकाराची. दोघे गप्प. ठराव पडला. हिवाळाभर त्या दोघांचा मनातल्या मनात उद्धार करून झाल्यावर कळलं की त्यातला एक फ्लॅट विकला जात होता आणि पत्र जुन्या मालकाच्या पत्त्यावर गेलं होतं.

मग सभेची वाट. सभा २७ मार्च २०२५ ला. सभेचं निमंत्रण कायद्याने किमान तीन आठवडे आधी निघावं लागतं आणि निमंत्रणात नसलेल्या विषयावर ठराव करता येत नाही. म्हणून विषय व्यवस्थापन कंपनीकडे (हाउसफेरवाल्टुंग) जानेवारीतच पोचवायला हवा, तोही मालकामार्फत, कारण भाडेकरूला त्या सभेत स्थान नाही. मालकाला मी एक पान तयार करून दिलं: एका बाजूला फोटो, दुसऱ्या बाजूला ठरावाचा मसुदा. ज्यांना सभा आटोपून घरी जायचं आहे अशा माणसांसमोर तयार मसुदा असला की चर्चा ‘हो की नाही’ एवढीच होते. ठराव झाला. पण सभेच्या ठरावाला एक महिन्याच्या आत कोर्टात आव्हान देता येतं, आणि आमचा मालक सावध माणूस. तो महिना उलटेपर्यंत त्याने लेखी परवानगी दिली नाही. पत्र हातात पडलं २८ एप्रिलला.

अटी अशा होत्या: भोक नाही. चौकट काळी. पॅनेल कठड्याला समांतर, तिरकं नाही. प्रत्येक पॅनेलला वेगळी सुरक्षा-तार, कारण खाली पायवाट आहे आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर. विम्याचं पत्र दरवर्षी. आणि जोडणीआधी सॉकेटची तपासणी नोंदणीकृत इलेक्ट्रिशियनकडून. तिरकं लावायला मनाई झाल्याचं आधी वाईट वाटलं. आता वाटत नाही. तिरकं पॅनेल उन्हाळ्यात जास्त देतं खरं, पण वारा त्याच्या पोटात शिरतो, सांगाडा महाग पडतो आणि खालच्या मजल्यावर सावली पडते. उभं पॅनेल मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, सूर्य खाली असताना, चांगलं चालतं.

परवानगी येईपर्यंत एक पैसाही खर्च करू नका. काही शहरं आणि राज्यं अशा संचाला अनुदान देतात, आणि त्यांच्या बऱ्याच योजनांत अर्ज मंजूर होण्याआधी ऑर्डर दिलेली असली की अर्ज बाद होतो. बिलावरची तारीख बघतात. आमच्या नगरपालिकेची योजना नव्हती.

वाट बघण्याच्या काळात मोजमाप करून घेतलं, आणि तो वेळ सत्कारणी लागला. युरोपीय आयोगाचं पीव्हीजीआयएस नावाचं फुकट गणकयंत्र आहे. त्यात नकाशावर घर निवडायचं, पॅनेलचे किलोवॅट टाकायचे, कोन ९० (उभं) आणि दिशा. दिशेत लोक हमखास चुकतात. त्यात दक्षिण म्हणजे शून्य, पूर्व उणे ९० आणि पश्चिम अधिक ९०. होकायंत्राचे २२० अंश तसेच टाकले तर उत्तर चुकतं. आमची बाल्कनी नैऋत्येला, म्हणून अधिक ४०. वर्षाला साधारण ५९० युनिटं दाखवली. बर्लिनच्या एचटीडब्ल्यू या तंत्रविद्यापीठाचं खास या संचांसाठीचं गणकयंत्रही आहे. त्यात घरातला वार्षिक वापर टाकला की त्यातली किती वीज घरातच वापरली जाईल आणि किती ग्रिडला फुकट जाईल याचा अंदाज येतो. आकडा खाली येतो, पण तोच खरा.

सावलीकडे मात्र कोणतंही गणकयंत्र तुमच्यासाठी बघत नाही. एका स्वच्छ दिवशी सकाळी नऊपासून दर तासाला कठड्याचा फोटो काढा. आमच्याकडे दुपारी चारनंतर समोरच्या झाडाची सावली उजव्या पॅनेलवर येते. म्हणून इन्व्हर्टर दोन वेगळ्या इनपुटचा घेतला, म्हणजे एक पॅनेल सावलीत गेलं तरी दुसरं आपल्या गतीने चालत राहतं.

टेपने मोजायच्या गोष्टी तीन: कठड्याची लांबी, उंची आणि वरच्या नळीची जाडी. हल्लीचं ४४० वॅटचं पॅनेल साधारण १.७६ मीटर लांब आणि १.१३ मीटर उंच असतं. दोन आडवी लावली की मधल्या फटीसकट ३.५४ मीटर. आमचा कठडा ३.६० चा, म्हणजे जेमतेम बसलं. उंचीत गंमत आहे. इथला कठडा बहुतेक ९० सेंटिमीटर ते एक मीटर असतो, म्हणजे पॅनेल कुठेतरी बाहेर डोकावणारच. सगळं खाली सोडलं तर खालच्या घरातल्यांच्या डोळ्यांसमोर काळी पट्टी येते. खालच्या मजल्यावरच्या आजींना आधी फोटो दाखवला. त्या एवढंच म्हणाल्या, “माझ्या फुलांचं ऊन अडवू नका म्हणजे झालं.” मग वरची कड नळीच्या दहा सेंटिमीटर वर घेतली, उरलेलं खाली. नळीची जाडी महत्त्वाची, कारण अडकवण्याचे आकडे (हुक) ठरावीक मापांतच येतात. गोल नळी, चौकोनी पट्टी आणि सिमेंटचा कठडा या तिन्हींचे सांगाडे वेगळे असतात. चुकीचा आला तर परत पाठवण्याचा खर्च आपल्याला.

ऑर्डर २९ एप्रिलला दिली. खर्च मांडते. दोन ४४० वॅटची काच-काच (पुढेमागे काच असलेली) पॅनेलं, वायफायवाला ८०० वॅटचा इन्व्हर्टर आणि पाच मीटर वायर मिळून ३५९ युरो. स्टेनलेसचे आकडे ११९. पोचवणूक ६९. १ जानेवारी २०२३ पासून घरगुती सोलर संचावर विक्रीकर शून्य आहे. बिलात शून्य टक्के लिहिलंय का ते बघा. सांगाडाही त्याच ऑर्डरमध्ये घेतला तर वाद होत नाही. सुरक्षा-तारा, उन्हात न फाटणारे केबल टाय आणि ग्रीसची ट्यूब २३. इलेक्ट्रिशियन १३५. वीज मोजणारा प्लग १७. एकूण ७२२ युरो.

जुनी पॅनेलं घ्यायचा मोह मलाही झाला होता. मोठ्या सोलर शेतांतून काढलेली तीस-चाळीस युरोला मिळतात आणि पर्यावरणाच्या दृष्टीने ते नवं घेण्यापेक्षा चांगलं वाटतं. पण जुन्या पॅनेलची त्याच आकारातली ताकद कमी असते. कठडा साडेतीन मीटरचाच असेल तर जागा हीच खरी अडचण. शिवाय आत केसाएवढे तडे असले तर डोळ्यांना दिसत नाहीत, आणि मालकाला द्यायला माहितीपत्रक बहुधा सापडत नाही. बागेतल्या खोपट्यावर असती तर जुनीच घेतली असती.

मालवाहू ट्रकने येणारा माल ‘रस्त्याच्या कडेपर्यंत’ येतो. हे ऑर्डरमध्ये लिहिलेलं असतं आणि कोणी वाचत नाही. ७ मे ला चालकाने माल बांधलेलं लाकडी तबक (पॅलेट) पदपथावर ठेवलं आणि सहीसाठी यंत्र पुढे केलं. सही करण्याआधी खोका उघडायचा. तो घाई करतो, करू द्यावी. एका पॅनेलचा कोपरा फुटून काचेवर कोळ्याचं जाळं झालेलं होतं. सहीसोबत ‘एक पॅनेल काच फुटलेलं’ असं लिहिलं, तबकासकट चार फोटो काढले. बदली पॅनेल सोळा दिवसांनी आलं. ‘मागाहून बघू’ म्हणून सही केली असती तर नुकसान कोणी केलं यावरच महिना गेला असता. २२ किलोचं पॅनेल जिन्यावरून दोघांनी उभं न्यायचं, चौकटीला धरून. वायरला धरून उचलायचं नाही आणि कोपऱ्यावर टेकवायचं नाही.

इलेक्ट्रिशियन मिळणं ही इथली खरी परीक्षा. सात जणांना विचारलं. चार जणांनी ‘बाल्कनीचं काम घेत नाही’ म्हणून सांगितलं, दोघांनी उत्तरच दिलं नाही. सातवा २६ मे ला आला. त्याने काय बघितलं ते सांगते, कारण बरेच जण हा खर्च वाचवतात. इमारत १९७८ ची. बाल्कनीच्या सॉकेटला जाणारी तार दीड चौरस मिलिमीटरची, आणि तिच्यावर १६ अँपिअरचा ब्रेकर. एरवी तारेतून १६ च्या वर वीज गेली की ब्रेकर पडतो. आता आपला संच ब्रेकरच्या पलीकडून, घराच्या बाजूने, ८०० भागिले २३० म्हणजे साडेतीन अँपिअर आणखी घालतो. त्याच तारेवर हीटर आणि इस्त्री एकदम लावली तर तारेत साडेएकोणीस अँपिअर जाऊ शकतात आणि ब्रेकरला मात्र सोळाच दिसतात. जुन्या तारेला हे सोसेलच असं नाही. त्याने १६ चा ब्रेकर काढून १३ चा बसवला. वीस मिनिटांचं काम. शिवाय त्या सॉकेटला ३० मिलिअँपिअरचा गळतीरोधक स्विच आहे का आणि तो खरंच पडतो का हे तपासलं, तारेच्या आवरणाची चाचणी घेतली आणि सहीचा कागद दिला. तो कागद मालकाच्या अटीतलाही होता.

त्याने दिलेल्या सूचना: संच नेहमी भिंतीतल्या सॉकेटमध्येच, एक्स्टेन्शन बोर्डावर कधीच नाही. आणि एका घराला असा एकच संच.

साध्या प्लगची भीती बऱ्याच जणांना वाटते. काढलेल्या प्लगच्या पिना उघड्या, पलीकडे ऊन पडलेलं, मग शॉक लागेल की. नाही लागत. इन्व्हर्टरला ग्रिडचा ठोका मिळाला नाही की तो सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात बंद होतो. मालकाला दिलेलं प्रमाणपत्र याचंच. म्हणून अनोळखी विक्रेत्याकडून, प्रमाणपत्राशिवाय आलेला इन्व्हर्टर स्वस्त असला तरी घेऊ नये. २०२३ मध्ये इथे भरपूर खपलेल्या एका इन्व्हर्टरमध्ये संरक्षणाचा रिलेच (ग्रिडपासून तोडणारा आपोआप चालणारा स्विच) नसल्याचं उघड झालं होतं आणि लोकांना नंतर वेगळा डबा जोडावा लागला होता.

जोडणी ३१ मे, शनिवार. रविवारी इथे ठोकाठोक चालत नाही. हवा शांत असलेला दिवस निवडा. दोन चौरस मीटरचं पॅनेल म्हणजे वाऱ्यात शीडच.

क्रम असा ठेवला. घरातच, सतरंजीवर पॅनेल पालथं घालून आकडे चौकटीला कसले. स्टेनलेसच्या बोल्टला ग्रीस लावायलाच हवं. कोरडा स्टेनलेस नट कसताना आतल्या आत जाम होतो आणि मग तो पुढेही जात नाही, मागेही येत नाही, कापावाच लागतो. आमचा पहिलाच नट असा गेला, ग्रीसची ट्यूब पिशवीत असताना. हाताने हळू कसा, ड्रिलने नको. मग सुरक्षा-तारेचं एक टोक पॅनेलच्या चौकटीला आणि दुसरं कठड्याच्या गजाला, आणि त्यानंतरच पॅनेल कठड्याबाहेर. ही तार आधी बांधायची, टांगून झाल्यावर नाही, कारण हातातून सुटायचा धोका नेमका टांगताना असतो. खालच्या पायवाटेवर एक माणूस उभा ठेवला. दोघे आतून, तिसरा खाली, हा किमान हिशेब.

खालच्या बाजूला पॅनेल आणि गजांमध्ये रबराचे ठोकळे लावावे लागतात, नाहीतर वाऱ्यात रात्रभर टकटक होते. इन्व्हर्टर पॅनेलच्या मागे, सावलीत, कठड्याच्या आतल्या बाजूने अडकवला. तो तापतो, त्याच्या आजूबाजूला बोटभर मोकळी हवा ठेवा.

पॅनेलच्या तारांना एमसी४ कनेक्टर असतात. टक असा आवाज येईपर्यंत दाबायचं आणि मग ओढून बघायचं. निम्म्या तक्रारींचं मूळ अर्धवट बसलेला कनेक्टर असतो. आधी पॅनेल इन्व्हर्टरला, प्लग सगळ्यात शेवटी. काढताना बरोबर उलट, आधी प्लग. उन्हात चालू असलेला एमसी४ ओढून काढला तर डीसीची ठिणगी पडते आणि ती एसीसारखी आपोआप विझत नाही. तारा टायने बांधा, पण सॉकेटकडे येणारी वायर शेवटी जरा खाली झोळासारखी सोडा, म्हणजे पावसाचं पाणी सॉकेटपर्यंत न येता झोळातून गळतं.

प्लग खोचला. काहीच झालं नाही. दिवा लाल लुकलुकत राहिला आणि सगळ्यांची तोंडं उतरली. हे बिघडलेलं नसतं. इन्व्हर्टर आधी किमान एक मिनिट ग्रिड तपासतो, मगच वीज सोडतो. दिवा हिरवा झाला आणि मोजणाऱ्या प्लगवर ४१२ वॅट दिसले, तेव्हा दुपारचा दीड वाजला होता.

आता नोंदणी. चालू केल्यापासून एक महिन्याच्या आत मार्क्टश्टामडाटेनरेगिस्टर या सरकारी नोंदवहीत नाव घालावं लागतं. तिथे पैसे लागत नाहीत. पैसे मागणारी संकेतस्थळं दलालांची, त्यांच्याकडे जाऊ नका. पायऱ्या दोन: आधी स्वतःची नोंद ‘संचचालक’ म्हणून, मग संचाची. लोक पहिल्या पायरीनंतर ‘झालं’ समजून बाहेर पडतात आणि संच नोंदवलाच जात नाही. दुसऱ्या पायरीत ‘बाल्कनी संच’ हाच प्रकार निवडा, छतावरच्या सोलरचा निवडला तर फॉर्म चौपट लांब होतो. लागतं एवढंच: चालू केल्याची तारीख, पॅनेलची संख्या, पॅनेलचे एकूण वॅट (आमचे ८८०), इन्व्हर्टरची ताकद (८००) आणि मीटरचा क्रमांक. पॅनेलचे वॅट आणि इन्व्हर्टरचे वॅट यांची अदलाबदल ही इथली नेहमीची चूक. मीटर क्रमांक वीजबिलावर असतो, पण तळघरात जाऊन मीटरवरचा ताडून बघा. आमच्या बिलावर आणि मीटरवर एका अंकाचा फरक निघाला. शेवटी दोन क्रमांक मिळतात, ए-बी-आर ने सुरू होणारा आपला आणि एस-ई-ई ने सुरू होणारा संचाचा. पीडीएफ जपून ठेवा, मालकालाही पाठवा. लागले वीस मिनिटं. तुमचा पत्ता जगाला दिसत नाही, फक्त गाव आणि पिनकोड.

नोंदणी झाली की मीटरवाल्यांना आपोआप कळतं. आमचं मीटर जुनं, काळ्या डब्यातल्या फिरत्या चकतीचं. पूर्वी मीटर बदलल्याशिवाय संच चालू करणं बेकायदा होतं, कारण जास्तीची वीज बाहेर जाताना ही चकती उलटी फिरते. आता बदल होईपर्यंत ते चालवून घेतात. जूनमधल्या एका रविवारी तळघरात जाऊन ती चकती खरोखरच उलटी फिरताना पाहिली. नवं डिजिटल मीटर १७ जुलैला पंधरा मिनिटांत बसलं. बदलण्याचे वेगळे पैसे पडले नाहीत, वार्षिक मीटरभाडं मात्र थोडं वाढलं. जुन्या मीटरच्या शेवटच्या आकड्याचा फोटो त्या माणसासमोरच काढून ठेवा.

नव्या मीटरवर दोन आकडे आळीपाळीने येतात: १.८.० म्हणजे आपण घेतलेली वीज, २.८.० म्हणजे आपण दिलेली. या क्षणी किती वॅट चालू आहेत ते बघायला चार अंकी पिन लागतो. तो मीटर कंपनीकडून पोस्टाने येतो. आणि तो घालायचा कसा? टॉर्चने. मीटरच्या डोळ्यावर मोबाइलचा दिवा मारायचा, अंक सहा असेल तर सहा वेळा, मग थांबायचं, मग पुढचा अंक. तळघरात टॉर्च घेऊन मीटरला डोळे मिचकावणारी बाई बघून शेजारी थबकले होते. तीनदा चुकलं. दोन अंकांच्या मध्ये तीन-चार सेकंद थांबलं की जमतं.

आकडे असे. जून ते ऑक्टोबर मिळून २९१ युनिटं: जून ६५, जुलै ६५, ऑगस्ट ६८, सप्टेंबर ५५, ऑक्टोबर ३८. नव्या मीटरपासून ऑक्टोबरअखेर १९२ युनिटं बनली, त्यातली ८० बाहेर गेली आणि ११२ घरात वापरली गेली. आमचा दर युनिटला ३३ सेंट, म्हणजे त्या साडेतीन महिन्यांत ३७ युरो. हिवाळा धरून वर्षाला शंभरच्या आसपास सुटतील, आणि ७२२ युरो फिटायला सात वर्षं. ‘तीन वर्षांत फुकट’ असं लिहिणाऱ्यांची बाल्कनी दक्षिणेला, सावलीविना आणि दिवसभर घरात कोणीतरी असणारी असावी. पॅनेल बनवायला लागलेली ऊर्जा मात्र त्याच्या कितीतरी आधी फिटते. चांगल्या कोनातल्या छतावर साधारण एक ते दीड वर्षात, आमच्यासारख्या उभ्या पॅनेलला त्याहून थोडं जास्त.

घरात वापर वाढवण्यासाठी काय चालतं हे प्लगवरच्या आकड्यांनी शिकवलं. इंडक्शनवर कुकर ठेवला की १८०० वॅट. संच त्यातले चार-पाचशे देतो, बाकी ग्रिड. तोच भात ४५० वॅटच्या राइस कुकरमध्ये दुपारी बाराला लावला तर जवळजवळ पूर्ण उन्हावर शिजतो. धुलाई यंत्र पहिली वीस मिनिटं पाणी तापवायला २००० वॅट घेतं आणि नंतर दीड-दोनशेवर येतं. ३० अंशांवर धुतलं की तापवणंच कमी. हे सगळं एकामागून एक लावायचं, एकदम नाही. डिशवॉशरला ‘चार तासांनी सुरू’ असं बटण असतं, ते आता रोजचं झालं. बॅटरी घेतली नाही. दिवसाला अर्धं-पाऊण युनिट वाचवायला आणखी काहीशे युरो घालणं आमच्या वापरात बसत नाही, शिवाय ती त्याच नोंदवहीत वेगळी नोंदवावी लागते.

घर बदललं तर संच सोबत नेता येतो, पण नोंदवहीत जुन्या पत्त्यावरचा ‘बंद’ दाखवून नव्या पत्त्यावर पुन्हा नोंद करायची आणि नव्या मालकाकडे पुन्हा पत्र. निकामी झालेली पॅनेलं इलेक्ट्रिक कचऱ्यात मोडतात. गावच्या वेर्टश्टोफहोफवर (टाकाऊ वस्तू गोळा करण्याच्या केंद्रावर) घरगुती संख्येत फुकट घेतात, फक्त किती घेतात ते आधी फोन करून विचारा.

सध्या नोव्हेंबर चालू आहे. दुपारी तीनला सूर्य समोरच्या छताआड जातो आणि काल दिवसभरात ०.३ युनिट बनलं, राउटर आणि फ्रिजचंही पूर्ण भागलं नाही. या आठवड्यात फक्त ओल्या फडक्याने काच पुसली, आकड्यांचे नट हाताने तपासले आणि उजव्या पॅनेलखालचा एक रबरी ठोकळा सरकला होता तो जागेवर बसवला. विम्याचं नवं पत्र जानेवारीत मालकाला पाठवायचं आहे.